जुन्या रेल्वेवाटेवरची चाके

जेरुसलेमचा पार्क हमेसिला आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. याफो-जेरुसलेम रेल्वे १८९२ साली सुरू झाली आणि १९९८ मध्ये जुने स्टेशन बंद पडले. पुढे त्या रुळांच्या कडेने डांबरी वाट झाली. तिच्यावर आपण फिरायला जातो आणि नातवंडे स्केटिंग करतात. या वयात धक्का लागून खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा उभे राहणे कठीण. म्हणून या चाकांची रीत समजून घेऊ.

मुलांना हीच वाट का आवडते? आगगाडीला उभी चढण चढवत नाही, त्यामुळे लोहमार्गाचा चढउतार बेताचाच ठेवतात. डोंगराळ जेरुसलेमात अशी जागा थोडीच.

या बुटांना बहुधा एका रेषेत चार चाके असतात. पाय बाजूला रेटून पुढे जायचे असल्याने मुलाला चालणाऱ्यापेक्षा जास्त रुंद वाट लागते. ब्रेक म्हणजे एका बुटाच्या टाचेमागचा रबरी ठोकळा. तो पाय पुढे करून टाच दाबली की वेग कमी होतो, पण जागच्या जागी थांबता येत नाही. ओल्या डांबरावर चाके घसरतात.

म्हणून मागून आवाज आला तर दचकून बाजूला सरू नये. सरळ चालत राहावे, म्हणजे मुलाला वळसा घालता येतो. जिथे रुळांमध्ये फळ्या बसवल्या आहेत, तिथे त्यांवरून चालणे बरे.

नातवंडांना हेल्मेट आणि मनगटपट्टे घालायला लावावे. पडताना माणूस आधी हात टेकतो.