तारबद्ध संगणक-जालातील दोषशोधन

संगणक तारेने जालास जोडलेला असूनही माहितीची देवाणघेवाण थांबल्यास बिघाडाचे स्थान क्रमाने निश्चित करण्याच्या क्रियेस दोषशोधन म्हणतात. इथरनेट या नावाने रूढ असलेली ही जोडणी १९७३ पासून अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. १९९० मध्ये पीळ दिलेल्या तांब्याच्या तारांसाठी मानक ठरल्यावर ती कार्यालयांत सर्वत्र पसरली. सु. १७,००० चौ. किमी. क्षेत्राच्या अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडसारख्या टोकाच्या तालुक्यांतील गावी जाणकार पोहोचेपर्यंत दाखले, उतारे यांचे काम अडून राहते. त्यामुळे पहिली तपासणी संगणक चालविणाऱ्यानेच करणे इष्ट ठरते.

तपासणी तारेपासून सुरू करावी. स्विचला वीज मिळते आहे ना, हे आधी पाहावे. पुष्कळदा दोष तेथेच असतो. पोर्टजवळचा दिवा तरीही विझलेला असल्यास केबल दुसऱ्या पोर्टात लावावी, त्यानंतर केबल बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अन्यथा दोष गेला, तरी कारण कळत नाही.

दिवा लागला म्हणजे जोडणी निर्दोष, हा समज चुकीचा आहे. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. सेकंदाला १,००० मेगाबिट वेगास चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिट वेगास दोनच पुरतात. उरलेल्या दोहोंतील तार तुटल्यास अनेक उपकरणे वेग उतरवून काम चालू ठेवतात आणि दोष केवळ संथपणाच्या रूपाने जाणवतो. याहून फसवा प्रकार म्हणजे फुटलेली जोडी. पिन क्र. ३ व ६ यांवर एकाच जोडीच्या तारा हव्यात. त्या रंगांच्या ओळीने सरळ बसविल्यास साधे परीक्षक यंत्र केबल उत्तम ठरविते, परंतु पिळाचे संरक्षण नष्ट होऊन एका जोडीतील संकेत दुसरीत झिरपतो. केबलची लांबीही १०० मी. हून अधिक नसावी.

केबल निर्दोष आढळल्यास संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास पत्ता वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर आलेले नसते. राउटर उत्तर देतो, बाहेरचे अंकी पत्तेही पोहोचतात, पण संकेतस्थळांची नावे उघडत नाहीत, अशा वेळी नावांचे पत्त्यांत रूपांतर करणाऱ्या सेवेत दोष असतो.

वळवाच्या पावसात विजांमुळे दोन इमारतींमधील लांब तांब्याच्या केबलीत दाब प्रवर्तित होऊन पोर्ट जळतात. तेथे धातुरहित प्रकाशीय तंतू वापरणे श्रेयस्कर. केवळ पोर्ट जळाला असल्यास संगणक टाकून देण्याचे कारण नाही. यूएसबीवर बसणारा अल्पमोली जोडक पुरतो.