विचिकिच्छा आणि वीमंसा

धम्मविषयक चर्चेत कालाम सुत्ताचा उल्लेख झाला नाही असे सहसा घडत नाही. परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे, गुरूने सांगितले, एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नये, हा त्यातील उपदेश सर्वांस परिचित आहे. मात्र आमचे काही सुशिक्षित बांधव त्यावरून 'कशावरच विश्वास ठेवू नये' असा निष्कर्ष काढतात आणि शील व ध्यान यांकडेही पाठ फिरवितात. हा निष्कर्ष सुत्तास धरून आहे काय, हे पाहावयास हवे.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील या सुत्तात दहा आधार अपुरे म्हटले आहेत. त्यांत परंपरा व पिटक यांच्याबरोबरच केवळ तर्क आणि 'दिट्ठिनिज्झानक्खन्ति', म्हणजे आपल्या मताशी जुळते म्हणून पटणे, यांचाही समावेश आहे. सर्व काही नाकारणारा मनुष्य नेमका या आधारावर उभा असतो. शिवाय सुत्त नकारापाशी थांबत नाही. जे कुशल व हितकर आहे असे स्वतः जाणले, ते आचरणात आणावे, हा त्याचा उत्तरार्ध आहे.

मज्झिम निकायातील दीघनख सुत्तात हाच दोष उघड केला आहे. राजगृहाजवळ गिज्झकूट पर्वतावरील सूकरखता येथे दीघनख परिव्राजक तथागतांस सांगतो की, आपणांस काहीच मान्य नाही. तथागत विचारतात, मग ही तुमची दृष्टी तरी तुम्हांस मान्य आहे काय? मान्य असेल तर 'काहीच नाही' हे खोटे ठरते. मान्य नसेल तर ती धरून ठेवण्यास कारण उरत नाही. तथागत या दृष्टीची केवळ निंदा करीत नाहीत. ती अनासक्तीच्या जवळची आहे, असेही ते म्हणतात. परंतु 'हेच सत्य, बाकी मिथ्या' असा हट्ट धरला की तीतूनही कलहच उपजतो.

अशा हट्टाचे उदाहरण बुद्धचरित्राच्या संशोधनातही सापडते. एकोणिसाव्या शतकात डच पंडित हेंड्रिक कर्न यांनी बुद्धचरित्र हे सूर्यकथेचे रूपक मानले. चरित्रात अद्‌भुत कथा मिसळल्या आहेत, हे त्यांचे निरीक्षण खरे होते. तेवढ्यावरून चरित्रनायकच काल्पनिक ठरविणे ही चूक होती. पुढे १८९६ मध्ये लुंबिनी येथे अशोकस्तंभावरील लेख उजेडात आला. शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून सम्राटाने स्वतः येऊन पूजा केली आणि गावाचा कर कमी केला, असे तो लेख सांगतो. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हे स्थळ ज्ञात व पूज्य होते, हे त्यावरून सिद्ध झाले. 'पुरावा अद्याप मिळाला नाही' आणि 'तसे घडलेच नाही' ही दोन विधाने एक नव्हेत.

याउलट परमपूज्य बाबासाहेबांची शंका पाहावी. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाची चार दृश्यांची कथा बुद्धीस न पटणारी म्हणून नाकारली. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे कारण त्यांनी पुढे मांडले.

उत्तर शोधणारी शंका ती वीमंसा. उत्तर नकोच असणारी शंका ती विचिकिच्छा. पहिलीचा समावेश चार इद्धिपादांत होतो, दुसरीचा पाच नीवरणांत. कालामांच्या नावाने आपण यांपैकी कोणती जोपासतो आहोत, हे प्रत्येक उपासकाने स्वतःस विचारावे.