पी.एस.व्ही. आइंडहोवन
पी.एस.व्ही. आइंडहोवन हा नेदरलँड्सच्या आइंडहोवन शहरातील व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. फिलिप्स कंपनीच्या कामगारांसाठी १९१३ साली त्याची स्थापना झाली.

प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्या मार्गदर्शनाखाली क्लबने १९८८ साली युरोपियन चषक जिंकला. उपांत्यपूर्व फेरीपासूनचे त्याचे पाचही सामने बरोबरीत सुटले. बोर्दू आणि रेआल माद्रिद या दोन्ही संघांशी त्यांच्या मैदानावर १-१, तर आइंडहोवनमध्ये ०-० अशी बरोबरी झाली. परक्या मैदानावरील गोलांना प्राधान्य देणाऱ्या तत्कालीन नियमामुळे पी.एस.व्ही. पुढील फेरीत पोचला. २५ मे रोजी श्टुटगार्ट येथे बेनफिकाविरुद्धचा अंतिम सामना अतिरिक्त वेळेनंतरही गोलशून्य राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षक हान्स फान ब्रोइकेलेन यांनी वेलोसो यांची किक अडवली आणि पी.एस.व्ही. ६-५ असा विजयी झाला. त्याच हंगामात क्लबने डच लीग व डच चषकही जिंकला.