दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. मग चौथ्याचे काय?

औरंगाबादच्या क्रांती चौकातले मोर्चे आणि धरणी आम्हाला नवीन नाहीत. शहराचे नाव बदलले, चौकातला पुतळा नव्याने उंच उभा राहिला, पण विभागीय आयुक्तालयावर जाणारे मोर्चे आजही येथूनच निघतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका धरण्यात वाळूज एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा एक तरुण आमच्याजवळ आला. ‘जयभीम साहेब’ म्हणाला आणि त्याने विचारले, ‘ते चीनच्या चुंबकाचं काय प्रकरण आहे? ठेकेदार म्हणतो चुंबक येईना, पंधरा दिवस घरी बसा.’ पगाराचे काय, असे आम्ही विचारले. ‘कामच नाही तर पगार कशाचा, असं म्हणतो,’ तो उत्तरला.

प्रकरण असे आहे. बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकी-तिचाकीच्या मोटारीत शक्तिशाली चुंबक लागते. ते ज्या दुर्मिळ धातूंपासून बनते, त्यांच्या शुद्धीकरणावर जवळजवळ चीनचीच मक्तेदारी आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी मालावर आयातकरांचा मारा सुरू केला. ४ एप्रिलला चीनने सात दुर्मिळ धातूंच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. पाहता पाहता अमेरिकेचा कर १४५ टक्क्यांवर आणि चीनचा १२५ टक्क्यांवर गेला. चुंबकाअभावी ऑगस्टमध्ये विजेवरील वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोने जुलैमध्येच जाहीर केले होते. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचे, चूल मात्र वाळूजच्या खोलीतली विझली.

आमचे अर्थपंडित आणि सत्ताधारी अशा वेळी एक म्हण आवर्जून सांगतात, दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. चीन सोडून निघालेले भांडवल भारतात येईल, शेंद्रा-बिडकीनमध्ये उतरेल, मराठवाड्याचे सोने होईल, असे चित्र रंगवले जाते. बिडकीनसाठी २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांच्या प्रकल्पांची घोषणाही झाली. आम्ही उद्योगांच्या विरोधात नाही. शेतीवरचा माणसांचा बोजा उद्योगांनीच हलका होईल, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात मांडले होते. पण आमचा प्रश्न साधा आहे. या म्हणीतला ‘तिसरा’ नेमका कोण? संपूर्ण देश, की देशातला एक वर्ग?

या प्रश्नाची किल्ली बाबासाहेबांनीच देऊन ठेवली आहे. रुपया स्वस्त ठेवला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असा युक्तिवाद त्या काळीही चालत असे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी त्यातले इंगित ओळखले होते. हा फायदा परदेशातून येत नाही. किमती वाढतात, मजुरी मागे राहते आणि मजुराच्या खिशातले पैसे व्यापाऱ्याच्या खिशात जातात. म्हणजे देशातल्याच एका वर्गाचा तोटा हा दुसऱ्या वर्गाचा नफा ठरतो. शंभर वर्षे झाली, हिशोब तोच आहे.

कापसाचेच पाहा. मार्च २०२५ मध्ये चीनने अमेरिकन कापसावर १५ टक्के जादा कर बसवला. चीनचा दरवाजा अडला की तो कापूस दुसरे गिऱ्हाईक शोधणारच. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला आणि आपल्या कापड उद्योगाने हाकाटी केली. केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ही सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आमच्या वेचणीच्या हंगामात! लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, व्यापारी मात्र त्याखालीच भाव पाडून मागत होते. गिरणीमालकाला दिलासा मिळाला. तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि किलोमागे मजुरीवर वेचणी करणाऱ्या आमच्या मायबहिणींच्या खिशातून मिळाला.

कारखान्यातही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूक यावी म्हणून! आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, हे येथे स्मरले पाहिजे.

आता त्या तरुणाच्या पगाराचे. काम बंद ठेवल्यास निम्मे वेतन देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. पण त्यासाठी वर्षभराची सलग नोकरी आणि हजेरीपटावर नाव लागते. पन्नासपेक्षा कमी कामगारांचा कारखाना तर त्यातून सुटतोच. ठेकेदार वर्ष भरण्याआधी ‘ब्रेक’ देतो, मग नाव चढणार कसे? नव्या संहितांनी कंत्राटी कामगारांविषयीचे नियम लागू होण्याची मर्यादाही २० वरून ५० कामगारांवर नेली. कंत्राटात आरक्षण नाही, कायम नोकरी नाही, संघटना केली तर दुसऱ्या दिवशी गेटबंदी. आमच्या वस्त्यांतली शिकलेली पोरे आज याच रांगेत उभी आहेत. हाच तो चौथा, ज्याचे नाव म्हणीत नाही.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियातील बुसानला भेटले, हस्तांदोलन झाले, वर्षभराचा तह ठरला. भांडणारे दोघे एक झाले. आमच्या तरुणाचे पंधरा दिवस कोण भरून देणार?

म्हणून चळवळीने परराष्ट्र व्यापार हा बड्यांचा विषय समजून सोडून देऊ नये. कामगाराचा दोष नसताना काम थांबले तर कंत्राटी कामगारालाही निम्मे वेतन मिळावे आणि ती जबाबदारी मूळ मालकाची असावी. शेंद्रा-बिडकीनची जमीन आणि सवलती देताना कायम नोकऱ्यांची व त्यात आमच्या वाट्याची लेखी अट घालावी. वेचणीच्या काळात आयातशुल्क उठवायचे असेल तर आधी हमीभावाची खरेदी केंद्रे उघडावीत. या मागण्यांसाठी कामगार, शेतमजूर आणि शेतकरी यांनी एकत्र आले पाहिजे.

१९३८ साली येथून जवळच मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्याशी लढताना दुसऱ्याकडे पाठ फिरवली काय, याचा विचार आता क्रांती चौकात उभे राहूनच केला पाहिजे.