मुले पुढे का शिकतात?

मंडळी, आज आपण एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. पदवी झाल्यावर मुले पुढे का शिकतात?

वर्गात विचारले की पहिली उत्तरे ठरलेली असतात. नोकरी, पगार, ज्ञान. थोडी ओळख झाली की खरी उत्तरे यायला लागतात. एखादी मुलगी सांगते, ‘एम.ए.ला नाव घातलंय, तोवर घरी लग्नाचा विषय निघत नाही.’ एखादा मुलगा म्हणतो, ‘हॉस्टेल मिळतं, स्पर्धा परीक्षेची तयारी करता येते.’ मग कुणीतरी ज्येष्ठ उसासा टाकतात, ‘हल्ली ज्ञानासाठी कोणी येतच नाही!’

या उसाशात एक गृहीतक दडलेले आहे. ज्ञान एक तर उपयोगासाठी हवे, नाहीतर ज्ञानासाठी. दोन्ही एकदम नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात ग्लॉकन चांगल्या गोष्टींचे तीन प्रकार करतो. काही केवळ त्यांच्यासाठीच हव्याशा वाटतात, जसे निरुपद्रवी आनंद. काही फक्त फळासाठी, जसे औषधोपचार किंवा पैसे मिळवणे. आणि काही दोन्हींसाठी. या शेवटच्या प्रकारात तो दृष्टी, आरोग्य आणि जाणणे ठेवतो. बघा, डोळे रस्ता ओलांडायला उपयोगी पडतात, म्हणून बघण्यातली गोडी खोटी ठरत नाही ना!

आता आपल्याकडचे उदाहरण. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. म्हणजे नोकरी होतीच. पण १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या एका चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. संस्थानच्या नोकरीला तो काही लागणार नव्हता. ज्या व्यवस्थेचे चटके सोसले, तीच आता अभ्यासाचा विषय झाली होती.

म्हणून प्रवेश घेण्याचे कारण आणि शिकत राहण्याचे कारण आपण वेगळे ठेवू. पहिले बहुधा परिस्थिती ठरवते. दुसरे वर्गात, ग्रंथालयात, पिच्छा न सोडणाऱ्या एखाद्या प्रश्नापाशी तयार होते. लग्न लांबवायला आलेल्या त्या मुलीला दोन वर्षांत ‘संमती कशाला म्हणायचे?’ हा प्रश्न नीट मांडता आला, तर तिने मिळवलेला वेळ सत्कारणी लागला. तसे झाले नाही, तर ती का आली हे तिला विचारण्याआधी, आपण तिला काय वाचायला दिले हे आपल्याला विचारावे लागेल.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.