काळ्या कातळाखालची जुनी भेग

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतला. आपल्याकडे बोअर घेतात तो पाण्यासाठी. इथे हवा होता दगड. खालून निघालेल्या दगडाच्या कांड्या ओळीने मांडल्या, तेव्हा वरचे सुमारे ३४० मीटर लाव्हाचा काळा कातळ होता, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि त्याच्याही खाली दोन अब्ज वर्षांहून जुना पायाचा खडक.

काळा कातळ एका दमात साचलेला नाही. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला आणि थरावर थर बसले. प्रत्येक थराची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे तो ओळखता येतो. भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे सरकला त्या भेगेच्या, दोन्ही बाजूंना तेच थर जुळवून पाहिले, तर त्यांत सुमारे सहा मीटरांचा फरक सापडला. आता हिशोब करून बघा. किल्लारीसारख्या ६.२ तीव्रतेच्या एका भूकंपात खडक फार तर मीटरभर सरकतो. सहा मीटर सरकायला ही भेग अनेकदा हललेली असली पाहिजे. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे घडलं, ते त्या जागेला नवीन नव्हतं. नवीन होतं ते आपल्याला.

आपण शाळेत शिकलो की दख्खनचं पठार स्थिर आहे. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. भूकंप बहुतांश होतात ते भूपट्टांच्या कडांवर, आणि आपल्याला सर्वांत जवळची मोठी कड म्हणजे हिमालय, लातूरपासून हजार किलोमीटरहून दूर. पण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो आणि आशियाच्या भूभागाला रेटतो. लाकडी फळीचं एक टोक भिंतीला टेकवून दुसऱ्या टोकाकडून दाबलं, तर दाब फक्त टोकांना बसत नाही. अख्खी फळी दाबली जाते आणि तडकते ती गाठीपाशी किंवा जुन्या चिरेपाशी. दख्खनच्या पायाच्या खडकातही अशा चिरा आहेत. कधीकाळी भूखंड ताणले गेले, मोडले, एकमेकांपासून सुटले, तेव्हाच्या त्या खुणा. अखंड खडक नव्याने फोडण्यापेक्षा जुनी चीर सरकवायला कमी जोर लागतो. म्हणून पठारावरचे भूकंप बहुधा जुन्याच चिरांवर येतात. किल्लारीला दोन्ही बाजूंनी दाब आला आणि चिरेच्या एका बाजूचा खडक दुसऱ्या बाजूवर चढला.

मग इतकी वर्षं हे कळलं का नाही? इथे वेळेचं माप बदलावं लागतं. समजा, एखाद्या चिरेवर वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग एवढाच ताण साठतो आहे. मीटरभर सरकण्याइतका ताण साठायला दहा हजार वर्षं लागतील. आपल्याकडे लिहून ठेवलेला इतिहास दोन-अडीच हजार वर्षांचा, आणि भूकंपमापकांची नोंद जेमतेम शतकभराची. दहा हजार वर्षांत एकदा येणारी गोष्ट त्या नोंदीत न दिसणं अगदी साहजिक आहे. त्यात वर लाव्हाची चादर. हिमालयात भ्रंश डोंगरउतारावर उघडा दिसतो. इथे तो काळ्या कातळाखाली आणि काळ्या मातीखाली झाकलेला. वरून पाहणाऱ्याला दिसतं ते ज्वारीचं सपाट रान. १९९३ पूर्वी भूकंपाच्या नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आलं.

असं फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध टेनंट क्रीक इथे २२ जानेवारी १९८८ रोजी एका दिवसात सहाहून अधिक तीव्रतेचे तीन भूकंप झाले. तेही भूपट्टाच्या कडेपासून खूप दूर.

कोयनेची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप धरणाच्या वजनाने झाला, असं लोक म्हणतात. जमीन मोडण्याची ताकद त्या पाण्यात नव्हती. ताण आधीपासून साठलेला होता. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरल्यावर पाणी भेगांतून खाली मुरलं. चिरेच्या दोन बाजू घट्ट दाबलेल्या असल्यामुळे, घर्षणाच्या बळावर जागच्या जागी थांबलेल्या असतात. आत शिरलेल्या पाण्याचा दाब त्यांना आतून किंचित विलग करतो, घर्षण कमी होतं आणि सरकायला टेकलेला खडक सरकतो. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या काही महिन्यांत तिथले धक्के वाढतात, हे अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलेलं आहे. ट्रिगर पाण्याचा, दारूगोळा भूपट्टाचा.

किल्लारीबाबत मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३.५६ ला जमीन हादरली. भूकंपाच्या पहिल्या, वेगवान लहरी आणि मागून येणाऱ्या, जास्त नासधूस करणाऱ्या लहरी यांच्यात जे वेळेचं अंतर पडतं, तेवढीच सूचना माणसाला मिळते. भूकंपाच्या उगमापासूनचे किलोमीटर आठाने भागले की साधारण तेवढे सेकंद येतात. किल्लारीचा उगम जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आत होता. गाव अगदी त्याच्या डोक्यावर असेल, तर हाती येतो सेकंदभर. जागं होऊन दाराकडे वळायलाही तो पुरत नाही.

आणि दारापर्यंत पोचूनही काय होणार होतं? घरं माळवदाची. वर लाकडावर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती टाकायची रीत, म्हणून माथ्यावर टनांनी वजन. भिंती दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून मजबूत दिसणाऱ्या, पण आत दोन वेगळ्या पाळ्या: बाहेरचे दगड, आतले दगड, मध्ये खडी आणि चिखल. दोन्ही पाळ्यांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसला की पाळ्या फुटून फाकल्या आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. उन्हाळ्यात घर थंड राखणारी तीच जाडी. कित्येक खणांच्या घरांत लाकडी खांब-तुळयांची चौकट मात्र उभी राहिली. भिंत पडली तरी छत लगेच खाली आलं नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली, ती ६.२ च्या भूकंपात. सव्वासात वर्षांनी भूजला आलेल्या ७.७ च्या भूकंपात त्याच्या सुमारे पावणेदोनशे पट ऊर्जा बाहेर पडली होती.

पुढे उरलेली जुनी घरं मजबूत करताना कारागिरांनी एक साधं काम केलं: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरून टाकायचं. आतली पाळी आणि बाहेरची पाळी तेव्हा पहिल्यांदा एकमेकींना बांधली गेली.