अंगणातले ऋतू

आमच्या कळमनुरीच्या घरात कोणता महिना चालू आहे, हे अंगणाकडे पाहिलं की कळतं. मृगात पत्र्यावरून पडणारी पहिली धार लेकरं ओंजळीत झेलतात. भाद्रपदात महालक्ष्म्यांची पावलं दारापासून देवघरापर्यंत उमटतात. थंडीत शेतातून तुरीच्या ओल्या शेंगा येतात. आत्याबाई त्या मीठ घालून उकडतात आणि सगळे गोल बसून खातात. फाल्गुनात अंगण पिवळं होतं. नऊ महिने शेतात राहिलेली, शिजवून आणलेली घरची हळद दहा-पंधरा दिवस इथं वाळते.

खरं सांगू? लग्नाला वीस वर्षं झाली, पण मी हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. झाडायचं, सडा टाकायचा, वाळवणाची राखण करायची, एवढंच अंगण मला ठाऊक.

२०२४ च्या होळीआधी घरात वाटणीचं ठरलं. ह्यांचं आणि भाऊजींचं मोठं भांडण असं नव्हतं, पण लेकरं मोठी झाली, चुली दोन झाल्या, कुरबुरी वाढल्या. होळी झाली की अंगणातून भिंत घालायची, असं ठरलं. विटासुद्धा येऊन पडल्या. आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्या वर्षी हळद त्यांनी स्वतः पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

२१ मार्चची सकाळ. सहा वाजून गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं आणि मांडणीवरची भांडी वाजू लागली. जमिनीतून गडगड आवाज आला. १९९३ ची किल्लारी मराठवाड्यात कोण विसरलंय? "लेकरं बाहेर काढा गं!" आत्याबाई ओरडल्या. दोन्ही दारांतून सगळे धावले ते थेट हळदीवर. दहा-अकरा मिनिटांनी आणखी एक छोटा धक्का बसला. मोठा धक्का ४.५ रिश्टरचा होता आणि त्याचं केंद्र आमच्याच तालुक्यात होतं, हे नंतर कळलं.

घराला काही झालं नाही, पण आत जायची हिंमत कुणाला होईना. जाऊबाईंनी भिंतीसाठी आणलेल्या तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि चहा केला. भाऊजींनी पहिला कप ह्यांच्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी दोघं भाऊ शेजारी बसले होते.

रात्री अंथरुणं अंगणातच पडली. टिपूर चांदणं होतं. कडुलिंबाचा मोहोर अंगावर गळत होता. आत्याबाई नातवंडांना त्यांच्या बापांच्या खोड्या सांगत होत्या आणि दोन्ही बाप गालात हसत होते. मला वाटलं, एवढं सगळं इथंच होतं की! मग मी वीस वर्षं पाहत काय होते?

म्हणून भिंत टळली असं नाही, मैत्रिणींनो. पाडव्यानंतर ती झालीच. पण कमरेएवढीच, आणि मधे येण्याजाण्याला वाट ठेवून. १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला, तेव्हा दोन्ही घरं त्या वाटेनं एकाच बाजूला जमली.

आता उन्हाळ्यात कुरडया माझ्याकडे वाळतात, पापड जाऊबाईंकडे, आणि भिंतीवर आत्याबाईंच्या मिरच्या. संध्याकाळचा चहा मात्र मी रोज अंगणात बसूनच घेते. तुम्हीही बसत जा. त्यासाठी धरणी हलायची वाट कशाला पाहायची?